टीव्हीतला लॅपटॉप सावनेरच्या दुकानात येईपर्यंत

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत मांडलेला विषय. कापूस वेचणीमुळे ज्यांना येता आलं नाही, त्यांच्यासाठी इथे देत आहे. भाषा बोलले तशीच बरीचशी ठेवली आहे.)



अंतर्गत कर्जाच्या मागणीचे कागद मी दर महिन्याला पाहते. त्यात नेहमीची कारणं असतात. बियाणं, खत, दवाखाना, शेळी, लग्न. अलीकडे त्यात "मुलासाठी लॅपटॉप" हे कारण वारंवार दिसायला लागलं आहे. यात मला काही गैर वाटत नाही. शिक्षणासाठी कर्ज मागणारी बाई पुढचं बघते आहे, असंच मी म्हणेन. पण एका काकूंना मी विचारलं, "कोणत्या कंपनीचा घेताय?" त्या म्हणाल्या, "तो नाही का मॅडम, टीव्हीत दाखवतात, पोट्टी रातभर अभ्यास करते आन् मंग तिच्या बापाच्या डोळ्यात पाणी येते, तो."

तुम्ही हसलात, मीही हसले. पण नीट बघा. काकूंना कंपनीचं नाव आठवत नव्हतं, किंमत आठवत नव्हती, त्यात मेमरी किती ते माहीत नव्हतं. बापाचं पाणावलेलं तोंड मात्र पक्कं आठवत होतं. जाहिरात करणाऱ्यांचं निम्मं काम तिथेच झालं. उरलेलं निम्मं काम टीव्हीवर होत नाही, ते आपल्या सावनेरच्या रस्त्यावर, दुकानाच्या काउंटरवर होतं. आज मला त्या दुसऱ्या निम्म्याबद्दल बोलायचं आहे, कारण आपल्या बायांचे पैसे तिथे जातात.

ही युक्ती काही आजची नाही. १९८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत अमेरिकेत घरी वापरायचे छोटे संगणक विकायला आले. कमोडोर नावाची एक कंपनी होती. तिच्या टीव्हीवरच्या एका जाहिरातीत एक मुलगा मोठ्या हौसेने आगगाडीत बसून कॉलेजला जातो आणि नापास होऊन परत येतो. घरी संगणक नव्हता म्हणून. म्हणजे चाळीस वर्षांपूर्वी तिथल्या आईबापालाही हेच सांगितलं, की तुम्ही घेतला नाही तर तुमचं लेकरू मागे पडेल. यंत्र किती बदललं! भीती तीच आहे.

आपल्याकडे ही भीती टीव्हीने एकट्याने तयार केली असं मला वाटत नाही. महाराष्ट्रात ती जमीन आधी नांगरून ठेवली एमएस-सीआयटीने. महाराष्ट्र ज्ञान महामंडळ २००१ मध्ये स्थापन झालं, त्यांचा हा कोर्स. सरकारी नोकरीला ते प्रमाणपत्र लागतं असं झालं, आणि तालुक्याच्या प्रत्येक गावात संगणकाच्या क्लासची पाटी लागली. आपल्यातल्या कितीतरी जणींनी तो केला आहे, हात वर करा बरं. बघा. तुम्ही संगणक पहिल्यांदा हाताळला तो क्लासमध्ये, घरी नाही. "कॉम्प्युटर येत नाही त्याला नोकरी नाही" हे वाक्य गावात आधीच फिरत होतं. टीव्हीवरच्या जाहिरातीला फक्त त्यावर बी टाकायचं होतं.

मग आपल्याच मागे कंपन्या का लागल्या? २०१७-१८ साली केंद्र सरकारने घराघरांत जाऊन एक नमुना पाहणी केली होती. त्यात शहरातल्या शंभरातल्या साधारण तेवीस घरांत संगणक होता, खेड्यातल्या शंभरातल्या चार-पाच घरांत. आपण हा आकडा वाचला की वाईट वाटतं. कंपनीचा माणूस तोच आकडा वाचतो तेव्हा त्याला उरलेली पंचाण्णव घरं दिसतात. आणि कोण काय बघतं हे मोजण्यासाठी घरांच्या टीव्हीला जी यंत्रं लावतात, ती २०१५ पासून खेड्यातल्या घरांतही लागली. तेव्हापासून आपण सिरियल बघतो ते कुठेतरी मोजलं जातं आणि त्या हिशेबाने जाहिरात येते. क्रिकेट, दिवाळी आणि जून महिना, या तीन वेळा विशेष लक्ष ठेवून बघा.

आता टीव्हीतून निघालेली जाहिरात सावनेरला कशी पोहोचते ते सांगते.

कंपनी माल थेट आपल्या दुकानदाराला देत नाही. मध्ये मोठे वितरक असतात. रेडिंग्टन चेन्नईची, राशी पेरिफेरल्स मुंबईची, अशा कंपन्या देशभर संगणकाचा माल पोहोचवतात. त्यांच्याकडून माल नागपूरच्या मोठ्या दुकानदारांकडे येतो, आणि तिथून सावनेर, कळमेश्वर, काटोलच्या छोट्या दुकानांत. छोटा दुकानदार दहा प्रकारचे लॅपटॉप भरून ठेवू शकत नाही, त्याचा पैसा अडकतो. तो दोन-तीन नमुने ठेवतो आणि बाकी "उद्या नागपूरहून मागवून देतो" म्हणतो. म्हणून टीव्हीत पाहिलेलं मॉडेल काउंटरवर बहुतेक नसतं. जे असतं ते नागपूरने त्याला दिलेलं असतं. त्यावर या महिन्यात वरून स्कीम असेल, इतके नग विकले की इतका बोनस, तर तो तेच पुढे करणार. मी दुकानदाराला चोर म्हणत नाही. त्याचंही टार्गेट असतं आणि महिनाअखेरीला त्याच्या डोक्यावरही कोणीतरी बसलेलं असतं. फक्त "ताई, हाच सगळ्यात चांगला" हे वाक्य तुमच्या पोराच्या अभ्यासावरून आलं आहे की त्याच्या स्कीमवरून, हा प्रश्न मनात ठेवा.

दुकानाच्या पाट्या कधी नीट बघितल्या का? कंपनीचं नाव हातभर आणि दुकानाचं नाव खाली कोपऱ्यात वीतभर. बऱ्याच वेळा ती पाटी कंपनीच्या पैशाने लागलेली असते, नाहीतर अर्धे पैसे कंपनीचे, अर्धे दुकानदाराचे. पेपरात घालून येणारं रंगीत पत्रक, केबलवर खाली सरकणारी पट्टी, ऑटोवर भोंगा लावून केलेला पुकारा, यातही पुष्कळदा अशीच भागीदारी असते. ही पद्धत जगभर आहे. इंटेल नावाची कंपनी संगणकाच्या आतला मुख्य तुकडा बनवते, जो आपल्याला कधी दिसतही नाही. १९९१ मध्ये तिने एक योजना काढली. लॅपटॉप बनवणाऱ्या इतर कंपन्यांनी आपल्या जाहिरातीत इंटेलचं चिन्ह दाखवायचं, आणि त्या जाहिरातीच्या खर्चाचा काही भाग इंटेलने परत द्यायचा. पुढे ती छोटीशी धून आली, जी जाहिरातीच्या शेवटी वाजते. तुम्ही ऐकली आहे, ओळखाल. लॅपटॉपवर चिकटवलेलं छोटं निळं स्टिकर त्याच घरचं. सांगायचा मुद्दा हा की टीव्हीवरची जाहिरात आणि आपल्या चौकातली पाटी या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. एकाच पैशाचे ते दोन हात आहेत.

आता किमतीकडे येऊ. टीव्हीत मोठ्या अक्षरात किंमत येते आणि तिच्या शेजारी बारीक "पासून", नाहीतर एक चांदणी. "पासून" म्हणजे सगळ्यात हलक्या मॉडेलची किंमत. जाहिरातीत मुलगी ज्यावर काम करताना दिसते ते बहुतेक ते नसतंच. हलक्या मॉडेलमध्ये रॅम कमी, जागा कमी. सहा महिन्यांनी ते रखडायला लागतं, मग पोरगं म्हणतं, "आई, हा हँग होतो." यावर नियम आहेत बरं का. जून २०२२ मध्ये केंद्र सरकारने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात म्हटलं आहे की दावा ज्या भाषेत केला, त्याच भाषेत खालची सूचनाही हवी, आणि अक्षरंही त्याच वळणाची हवीत. स्वस्त किमतीचं आमिष दाखवायचं आणि त्या किमतीला माल पुरेसा ठेवायचाच नाही, हेही चालत नाही. नियम चांगला आहे. पण आज रात्री टीव्ही बघताना खालची ओळ वाचून दाखवा मला! वाचेपर्यंत जाहिरात गेलेली असते.

आता खरा भाग. मला वाटतं लॅपटॉपची सगळ्यात मोठी जाहिरात म्हणजे दुकानात टेबल टाकून बसलेला फायनान्सचा पोरगा. टीव्हीतली भीती घेऊन आपण दुकानात शिरतो, किंमत ऐकून मागे फिरतो, आणि तेवढ्यात तो म्हणतो, "काकू, पैसे कायले देता, झिरो टक्के आहे." एका काकूंनी मला हिशेब सांगितला, की लाडकी बहीणचे दरमहा १,५०० येतात, त्यातच हप्ता भागेल. हप्ता ३,००० चा होता.

हा झिरो कसा असतो ते आपण फळ्यावर करून पाहिलं, इथेही लिहिते. आकडे समजण्यासाठी घेतले आहेत. समजा लॅपटॉप ३६,००० चा, बारा हप्ते, प्रत्येकी ३,०००. बेरीज बरोबर ३६,०००. व्याज दिसत नाही. आता त्याच दुकानदाराला विचारा, "रोख दिले तर?" तो म्हणतो, ३३,५००. शिवाय हप्त्यावर घेताना प्रोसेसिंग फी ७००. म्हणजे आज हातात पडणारी वस्तू ३३,५०० ची, आणि वर्षभरात आपण भरणार ३६,७००. जास्तीचे गेले ३,२००. तेही पूर्ण रक्कम वर्षभर आपल्याकडे नसताना, कारण दर महिन्याला आपण परत करत असतो. नीट हिशेब केला तर हे शेकडा जवळपास दीड रुपया महिना पडतं. झिरो कुठे गेला? सप्टेंबर २०१३ मध्येच रिझर्व्ह बँकेने बँकांना कळवलं होतं की शून्य टक्के व्याज अशी काही गोष्टच नसते, ते व्याज दुसऱ्या नावाने वसूल होतं.

इथे एक ताई उठून म्हणाल्या, "मंग मॅडम, आपल्या गटाचं तं शेकडा दोन आहे, ते महाग नाही का?" प्रश्न अगदी बरोबर होता आणि तो मी टाळणार नाही. ३३,५०० गटातून घेतले, बारा महिन्यांत सारखं मुद्दल फेडलं आणि उरलेल्या रकमेवर शेकडा दोन दिले, तर व्याज होतं सुमारे ४,३५०. शेकडा एक असेल तर सुमारे २,१८०. म्हणजे ज्या गटांचा दर दोन आहे, त्यांना फायनान्स कागदावर हजाराने स्वस्त दिसेल. फरक दोन ठिकाणी आहे. गटाचं व्याज गटातच राहतं, त्यात त्या ताईचाही वाटा असतो. आणि दुसरं म्हणजे हप्ता चुकला तर. कापसाचा चुकारा लांबला, संत्र्याचा व्यापारी पैसे देईना, तर गटात आपण बैठकीत उभं राहून बोलू शकतो, महिनाभर थांबा म्हणू शकतो. फायनान्सचा हप्ता ठरल्या तारखेला खात्यातून आपोआप कापला जातो. खात्यात पैसे नसतील तर हप्ता बाउन्स, त्याचा दंड फायनान्स कंपनी लावते आणि बँकही लावते. दोन-तीन वेळा झालं की सिबिल बिघडतं, आणि उद्या म्हशीसाठी बँकेत गेलं की तेच पुढ्यात येतं. माझं मत विचाराल तर शेकडा दोनचे गट शिक्षणासाठी दर कमी करू शकतात का, हे त्यांनी ठरावात बोलून बघावं. तो अधिकार गटाचा आहे.

कर्ज कुठूनही घ्या, एक कागद मागायला शिका. १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या अशा किरकोळ कर्जांसाठी बँकेने किंवा फायनान्स कंपनीने सही घेण्याआधी एक पत्रक द्यावं लागतं. त्याला की फॅक्ट स्टेटमेंट म्हणतात. सगळे खर्च धरून वर्षाचं व्याज किती पडतं, दंड किती, फी किती, हे त्यात असायला हवं, आणि कर्जदाराला समजेल त्या भाषेत. त्यात नसलेली फी तुमच्या संमतीशिवाय नंतर लावता येत नाही. मोबाईलवर ओटीपी विचारतात ना, तो सांगणं म्हणजे बहुतेक वेळा सहीच असते. कागद मराठीत मागा. तो म्हणेल "मॅडम, सगळे असेच करतात." म्हणू द्या.

टॅबलेटचं उदाहरण तर आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांपुढे झालं. बायजूज ही कंपनी. जाहिरातीत शाहरुख खान, भारतीय क्रिकेट संघाच्या जर्सीवर नाव. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि घरी शिकण्याचा धंदा एकदम वाढला. अभ्यासक्रम भरलेला टॅबलेट आणि त्यासाठी हप्त्याचं कर्ज, असा तो व्यवहार असायचा. देशभरातून पालकांच्या इतक्या तक्रारी यायला लागल्या की डिसेंबर २०२१ मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयाला सगळ्याच ऑनलाइन शिक्षण कंपन्यांबाबत पालकांना सावध करावं लागलं. खात्यातून आपोआप पैसे कापण्याची परवानगी देऊ नका, अटी वाचल्याशिवाय सही करू नका, असं त्यात होतं. आणि जुलै २०२४ मध्ये बायजूजच थकबाकीच्या प्रकरणात दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. पैसे मागणारं कोण? ज्यांच्या खेळाडूंच्या छातीवर तिचं नाव होतं, ते क्रिकेट नियामक मंडळ!

यातून मला एकच दाखवायचं आहे. जाहिरातीत जो चेहरा असतो, तो आपल्या कागदावर कुठेच नसतो. कागदावर असतो दुकानदार, आणि वेगळ्या कागदावर फायनान्स कंपनी. लॅपटॉप बिघडला तर दुकानदार नागपूरच्या सर्व्हिस सेंटरला जा म्हणेल. कंपनी बुडाली तरी फायनान्सचा हप्ता थांबत नाही, कारण कर्ज त्यांच्याकडून घेतलेलं असतं.

आणखी एक गंमत सांगते. २०२० च्या जुलैमध्ये शाळा बंद असताना दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीच्या मुलांसाठी "टिली मिली" नावाचा कार्यक्रम सुरू झाला होता. फुकट, मराठीत, त्याच टीव्हीवर. किती जणींच्या मुलांनी पाहिला, असं मी विचारलं तर थोडेच हात वर आले. त्याची जाहिरात कोण करणार?

आता आपल्या घरातलं. जाहिरातीत बहुतेक मुलगी असते, बघा. शिकणारी, स्वप्न बघणारी. घरी आल्यावर मात्र तोच लॅपटॉप दादाचा होतो. ताईला "आता नको, त्याचा प्रोजेक्ट आहे." कर्ज आईच्या नावाने, हप्ता आईच्या मजुरीतून, आणि पासवर्ड फक्त दादाला माहीत. हे मी ऐकीव सांगत नाही, आपल्या गावांत बघितलं आहे. म्हणून माझी विनंती आहे की बैठकीत लॅपटॉपचं कर्ज मंजूर करताना विचारा, घरात तो कोण कोण वापरणार? हा प्रश्न पंचाईत करणारा वाटेल, पण शेळीच्या कर्जाला आपण "चारा कोण करणार" विचारतोच की.

आणि लागतो का, हेही विचारा. आठवीतल्या पोराला अभ्यासाला लॅपटॉप लागतोच असं नाही. आयटीआयला कोपा ट्रेडला असलेल्या मुलीला किंवा टायपिंगची सरकारी परीक्षा देणाऱ्या मुलीला संस्थेत संगणक मिळतो. घरी असेल तर सराव वाढतो, हे खरं. इंजिनिअरिंगला, पॉलिटेक्निकला गेलेल्याला मात्र खरोखर लागतो, आणि त्याच्या कॉलेजमध्ये विचारलं तर किती रॅम, कोणतं सॉफ्टवेअर लागेल हे ते सांगतात. तो कागद घेऊन दुकानात जा, टीव्हीतलं चित्र घेऊन नाही. जी मुलगी घरी बसून टाइपिंगची, डीटीपीची कामं घेणार आहे, तिचं कर्ज मी व्यवसायाचंच कर्ज धरेन.

घ्यायचं ठरलं तर घाईत त्याच दिवशी घेऊ नका. सावनेरच्या दुकानातून मॉडेल नंबर, रॅम आणि रोख किंमत लिहिलेलं कोटेशन आणा. कोणी नागपूरला जातच असेल तर बर्डीवर त्याच मॉडेलची किंमत विचारा. एसटीत आपल्याला अर्धं तिकीट आहे. फरक पाचशेचा असेल तर मी म्हणेन सावनेरलाच घ्या. बिघडला तर विचारायला माणूस जवळ असतो, आणि आपला पैसा आपल्या गावात राहतो. फरक चार हजारांचा असेल तर तो आकडा इथल्या दुकानदाराला सांगून बघा. बिल पक्कं, जीएसटीचं, त्यावर मशीनचा सिरियल नंबर. बिलाशिवाय "स्वस्त पडेल" म्हणाला तर वॉरंटीला कोणाच्या दारात उभं राहणार?

फसवणूक झाली तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. त्याने सुटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. आपण जिथे राहतो तिथल्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे आपल्याला नागपूरलाच. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथे फी लागत नाही. वकील लावलाच पाहिजे असंही नाही. पण बिल लागतं, म्हणून परत सांगते, बिल.

पुढच्या बैठकीला ज्यांचे लॅपटॉपचे, टॅबलेटचे, मोबाईलचे किंवा फ्रिजचेही हप्ते चालू आहेत, त्यांनी कागद घेऊन या. कागद नसेल तर मोबाईलमध्ये फायनान्सचे मेसेज असतील, ते पुसू नका. बैठक संपल्यावर मी आणि लेखापाल ताई कॅल्क्युलेटर घेऊन तासभर बसणार आहोत. प्रत्येकीचा हिशेब वेगळा करू, आणि तिची इच्छा नसेल तर तो दुसऱ्या कोणाला दाखवणार नाही.